बाकांची बोट

६ मार्च

ठिणगे,

फोनच करणार होतो, पण मग आपलं भांडण झालं असतं आणि तू फोन आपटला असतास. तुझ्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, जाण्याआधी आपल्या दोघांना नियम घालून दिलाय: मामा-भाचीने भांडायचं तर पत्रात भांडायचं, निदान पुढचा शब्द लिहायच्या आत मागची शाई तरी वाळते. म्हणून लिहितो.

विषय तुमच्या बचाव पथकाचा. प्रत्येक जिल्ह्याने आमच्या राज्य देखरेख समितीकडे तीन कागद पाठवायचे असतात: आपत्तीचा आराखडा, साधनांची यादी आणि स्वयंसेवकांना शिकवून तयार केल्याचा दाखला. तुमचा आराखडा आला. त्यात खोल समुद्रात अडकलेल्या बोटींचं अख्खं एक पान आहे. तुमच्यापासून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. कुणाचा आराखडा उतरवलाय ते तुमच्या साहेबांना विचार, मी आपला वाचून हसलो आणि पान हळूच काढून ठेवलं. यादीही आली. दाखला मात्र सहीच्या जागी कोरा, आणि समासात तुझं ते काटेरी अक्षर: ‘पाण्यात उतरलेच नाहीत, तर शिकले कसं म्हणू?’

अगं, समास रिकामा ठेवण्यासाठी असतो. आमच्या अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीशबाई. त्यांनी ते वाचलं तर मला विचारतील. ऑगस्टमध्ये मी निवृत्त होतोय. सचिव म्हणून शेवटचे पाच महिने मला सुखाने काढू दे. सही का अडवलीस ते नीट लिही.

या पत्राची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे, हे वेगळं सांगायला नको. हसू नकोस. वाण्याची यादी करतानाही मी खाली कार्बन घालतो असं तुझी मामी सगळ्यांना सांगते, आणि ते खरं आहे.

मामा


११ मार्च

मामा,

शाई वाळली. आता ऐक.

अग्निशमन केंद्राच्या मागच्या हॉलमध्ये मी सोळा जणांना पूरबचाव शिकवते. एकही पगारी नाही. दोन शिक्षिका, एक गवंडी, औषधाच्या दुकानातला एकजण, बस डेपोतले तिघे, असे सगळे आपापलं काम सांभाळून रविवारी येतात. आमचा टेलर तर सगळ्यांच्या आधी येऊन बसतो. सोळा जणांसाठी नारिंगी दंडपट्ट्या त्याने स्वतःच्या कापडातून शिवल्या, काजं त्याच्या बायकोने केली. मला म्हणाला, मॅडम, पट्टी बघून तरी लोक ओळखतील की आम्ही बघे नाही.

शिकवते कशावर माहितीये? बाकांवर. दोन लांब बाकं समोरासमोर ठेवली की झाली बोट. फरशी म्हणजे नदी. वाळूचं पोतं म्हणजे बुडणारा माणूस. तिघे बाकावर बसून पोत्यापर्यंत ‘वल्हवत’ जातात आणि पोतं वर ओढतात. आणि दर वेळी तिघेही उठून एकाच बाजूला वाकतात. मी घसा फाडून सांगते की ओढणारा एकच, बाकीच्या दोघांनी पलीकडच्या काठावर बसून राहायचं, नाहीतर बोट उलटेल. माना डोलावतात. पुढच्या खेपेला पोतं दिसलं की पुन्हा तिघे एका बाजूला. त्यांचा काय दोष? बाक कलंडतच नाही, मग चूक अंगाला लागणार कशी? परवा टेलरनेच विचारलं, ‘मॅडम, आम्हाला एकदा तरी खऱ्या बोटीतून पाडा ना. एकदा पडलो की आयुष्यभर लक्षात राहील.’

वरच्या अंगाला धरण आहे. त्याची दारं उघडली की चार तासांत पाणी आमच्या खालच्या वस्तीत असतं. तेव्हा त्या फॉर्मवर ‘प्रात्यक्षिक पूर्ण: होय / नाही’ यातल्या ‘होय’वर मी खूण करणार नाही. आणि ‘नाही’वर केली तर साहेब फॉर्मच पुढे पाठवत नाहीत. म्हणून समासात लिहिलं. समास तेवढाच माझा होता.

तुझी ठिणगी


१७ मार्च

ठिणगे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू बरोबर आहेस, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे तुला पुढचं वाचायला धीर येईल.

आता घोडं कुठे अडलंय ते बघ. बोट, इंजिन आणि तरंगती जाकिटं येणार निधीच्या तिसऱ्या हप्त्यातून. तिसरा हप्ता सुटतो तो प्रशिक्षणाचा दाखला पाहून. म्हणजे दाखला नाही तर बोट नाही, आणि बोट नाही तर तू दाखला देणार नाहीस. हा नियम ज्याने केला त्याने बोट कधी पाहिली नसेल, पण नियम आहे. दाखल्याशिवायचा जिल्हा एप्रिलच्या बैठकीत ‘अपूर्ण’ रकान्यात जातो आणि त्याचा निधी दुसरीकडे वळवतात. मग तुमची बोट पुढच्या वर्षी. पाणी मात्र याच वर्षी येणार.

तेव्हा मामाचं ऐक. ‘होय’वर खूण कर, सही कर, पाठवून दे. मे संपायच्या आत बोट तुमच्या दारात आणून उभी करायची जबाबदारी माझी. मग त्या सोळा जणांना नदीत मनसोक्त पाड. आज लिहिलेलं दोन महिन्यांनी खरं होईल, इतकंच. यात कुणाचं वाईट होत नाही. मी बत्तीस वर्षं असेच कागद हलवत आलोय, म्हणून तर काही ठिकाणी काही पोचलंय.

तुझ्या आईची शपथ घालणार नाही. पण मी सांगतोय म्हणून कर.

मामा


२२ मार्च

मामा,

केली सही. सोबत पाठवतेय. शेवटचं अक्षर वाकडं आलंय, ते तुझ्या फाईलला चालवून घे.

रविवारी हॉलमध्ये सांगितलं की मेमध्ये बोट येणार. टेलरने लगेच विचारलं, बोटीचं माप काय, आच्छादन शिवून देतो. मी मान फिरवली. त्याच्याही नावापुढे मी ‘होय’ लिहून आले होते.

मे म्हणजे मे. लक्षात ठेव.

ठिणगी


२० एप्रिल

ठिणगे,

बैठक पार पडली. तुमचा जिल्हा ‘पूर्ण’ रकान्यात. तिसरा हप्ता मंजूर, खरेदीचा आदेशही त्याच दिवशी निघाला, मी स्वतः टपालखिडकीशी उभा राहून रवाना केला. अध्यक्षबाईंनी तुमच्या पथकाचं कौतुक केलं. दाखल्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, तेव्हा उगाच जीव टांगणीला लावून बसू नकोस.

मामी म्हणते, सुट्टी काढून चार दिवस ये. तुझी खोली झाडून ठेवलीय.

मामा


२ जून

मामा,

बोट आली. २६ मेला आली, म्हणजे तू शब्द पाळलास, हे आधी लिहिते.

पण ती आहे केंद्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, साखळदंड घालून. जाकिटं प्लास्टिकच्या पिशव्यांत सीलबंद. का? तर लोकार्पण व्हायचंय. कुणी मोठे पाहुणे येऊन फीत कापणार, मग बोट पाण्याला लागणार. त्याआधी ओली केली तर नवी दिसणार नाही, असं साहेब म्हणाले. हे ते माझ्या तोंडावर म्हणाले, मामा. मी ऐकून घेतलं, कारण तोंड उघडलं असतं तर नोकरी तिथेच गेली असती.

पाहुण्यांची तारीख आधी ५ होती, आता २५ झालीय. धरणाच्या चौकीदाराला मी रोज सकाळी फोन करते. पाणी रोज चढतंय. या रविवारीही आम्ही बाकांवरच बसलो. हॉलच्या खिडकीतून शेड दिसते. सोळाही जण खाली मान घालून वाळूचं पोतं ओढत होते.

किल्ली साहेबांच्या कपाटात आहे. शेडचं कुलूप साधं आहे. आगीत कुलपं तोडायला मला सरकारनेच शिकवलंय. तोडू का? तू फक्त हो म्हण.

ठिणगी


९ जून

ठिणगे,

तोडू नकोस.

सरकारी कुलूप तोडलंस तर तुला त्याच दिवशी घरी बसवतील आणि पथकाला शिकवायला कुणीच उरणार नाही. मी तुमच्या साहेबांशी दोनदा बोललो. ‘वरून तारीख आलीय’ यापुढे ते सरकत नाहीत. अध्यक्षबाईंच्या कानावर घालायचं तर मला आधी हे सांगावं लागेल की एप्रिलमध्ये ‘होय’ लिहिलं ते अजून झालेलंच नाही. ते मी २८ च्या बैठकीत योग्य शब्दांत मांडतो. २५ ला फीत कापली जाईल, २८ ला बैठक, सगळं अंगावर न येता निभेल.

सोळा दिवसांचा प्रश्न आहे. नदी सोळा दिवस थांबेल. माझ्यावर भरवसा ठेव.

मामा


२४ जून

मा. सचिव, राज्य देखरेख समिती, यांस

आपल्या कार्यालयाने मागवलेला अहवाल साहेबांनी पाठवला असेलच. तो मी वाचला नाही. मी पाहिलं ते लिहिते.

२१ तारखेला सकाळी सहाला धरणाची दारं उघडली. दहाच्या सुमाराला खालच्या वस्तीत छातीभर पाणी होतं. शेडचं कुलूप तेव्हा साहेबांनी स्वतः उघडलं. फीत कापावी लागली नाही. मी नियंत्रण कक्षात सांगितलं की हे सोळा जण आजवर पाण्यात उतरलेले नाहीत, शेजारच्या शहराचं पथक दीड तासात पोचेल, तोवर आपण दोर आणि शिड्यांवर काम करू. कक्षातल्या अधिकाऱ्याने फाईल उघडून माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, ‘मॅडम, इथे तर प्रात्यक्षिक पूर्ण लिहिलंय. सही कुणाची आहे?’

सही माझी होती. शेवटचं अक्षर वाकडं.

पथक पाण्यात उतरवायचा आदेश निघाला. पहिल्या फेरीला बोटीत टेलर, गवंडी आणि डेपोतला एकजण. मी मागे, जुन्या फळ्या बांधून केलेल्या तराफ्यावर, वीस हात अंतरावर. पिठाच्या गिरणीच्या ओट्याला एक म्हातारी धरून होती. त्यांनी बोट बरोबर नेली, मी शिकवली तशीच. म्हातारीचा हात सुटला. तिघे उठले. तिघे एकाच बाजूला वाकले. मी ओरडले, बसा, बसा म्हणून ओरडले. बोट उलटली.

गवंडी आणि डेपोतला, दोघांना मी ओढून घेतलं. म्हातारी ओट्याच्या खांबाला अडकली, ती वाचली. टेलर दुसऱ्या दिवशी दुपारी पुलाच्या कठड्यापाशी सापडला. जाकीट अंगात होतं, पण पट्टे लावलेले नव्हते. लावायचे कसे ते दाखवायला मला जाकीट कधी मिळालंच नव्हतं. दंडावर पट्टी होती, तिच्यावरून ओळखला.

आपल्या माहितीसाठी.

प्रशिक्षक, बचाव पथक


६ जुलै

मामा,

बारा दिवस झाले. एक ओळ नाही तुझी. मामी फोनवर सांगते, ते घरी बोलत नाहीत, ऑफिसातून उशिरा येतात. समजलं मला. कागद आवरत असशील. मी तुला दोष देत नाही, म्हणजे देते, पण तो माझ्यापाशीच राहील.

मला निलंबित केलंय. चौकशी अधिकाऱ्याने दाखला समोर धरून विचारलं, ही खोटी सही कुणाच्या सांगण्यावरून केली? मी म्हणाले, कुणाच्याही नाही, माझ्या मनाने केली. त्यांनी विचारलं, काही पत्रव्यवहार? मी म्हणाले, नाही. घरी आले आणि तुझं सतरा मार्चचं पत्र फाडून चुलीत घातलं. ‘मी सांगतोय म्हणून कर’ ही ओळ जळायला फार वेळ लागला असं वाटलं, पण तो माझा भास असेल. तुझं निवृत्तीवेतन, तुझा ऑगस्टचा निरोप, सगळं शाबूत राहील. आई असती तर तिलाही हेच हवं असतं.

टेलरच्या घरी एकदा गेले होते. त्याची बायको मशीनवर बसली होती. मला पाणी दिलं आणि विचारलं, ‘ते म्हणायचे मॅडम खूप चांगलं शिकवतात. मग असं कसं झालं?’ मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि निघाले. पुन्हा जायचं धाडस होत नाही.

तिला कुणीतरी खरं सांगायला हवं, मामा. मी सांगितलं तर तुझं नाव घ्यावं लागेल.

ठिणगी


१३ जुलै

ठिणगे,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. दुसरं काही नव्हतं. तुझा तो ‘मा. सचिव’ असा मायना असलेला कागद खिशात घालून मी ऑफिसात जायचो आणि परत यायचो. बैठक २८ ची पुढे ढकलून काल, १२ ला झाली, आणि तिच्यात काय करायचं ते माझं ठरत नव्हतं. तुझं सहाचं पत्र आलं आणि ठरलं.

तू माझं पत्र जाळलंस. वेडी आहेस. माझी सवय तुला माहीत नाही का? सतरा मार्चच्या पत्राची कार्बन कॉपी माझ्या कपाटात होती, त्याच जागी, दोऱ्याने बांधलेली. तुझी सगळी पत्रंही होती.

आधी एक सांगतो, जे तुझ्यापासून लपवलं. एप्रिलमध्ये ‘कुणी काही विचारलं नाही’ असं तुला लिहिलं, ते खोटं होतं. अध्यक्षबाईंनी दाखला हातात घेऊन सरळ विचारलं होतं, ‘हे लोक पाण्यात उतरलेत का?’ आणि मी म्हणालो, ‘हो, दाखला आहे ना.’ समासातल्या तुझ्या ओळीचा तो जुना फॉर्म तेव्हा माझ्या फाईलमध्ये खालीच होता. मी तो काढून दाखवला असता तर बाईंनी त्याच दिवशी निधीही दिला असता आणि लोकांना पाण्यात उतरवल्याशिवाय कुठे पाठवू नका असा आदेशही दिला असता. त्या तशा आहेत. घोडं नियमात अडलं नव्हतं, माझ्यात अडलं होतं. मला वाटलं, मी आयुष्यभर जसं निभावून नेलं तसंच हेही निभेल. टेलर माझ्या त्या ‘हो’ने गेला. तुझ्या सहीने नाही.

काल बैठकीत मी कार्यक्रमपत्रिका बाजूला ठेवली आणि आपली सगळी पत्रं फाईलला लावली, पान क्रमांक एकेचाळीसपासून. समोरच्यांनी वाचून काढली. ‘नदी सोळा दिवस थांबेल’ हे बाईंनी मोठ्याने वाचलं आणि मग चष्मा काढून ठेवला. मग मला बाहेर बसायला सांगितलं.

मला आजपासून निलंबित केलंय. निवृत्तीवेतन चौकशी संपेपर्यंत थांबेल, नंतरचं नंतर. मामीला सांगितलं. ती रडली आणि मग म्हणाली, बरं झालं, आता जेवाल तरी. तुझ्या निलंबनाचा फेरविचार करा असं समितीने जिल्ह्याला कळवलंय. उठेल की नाही ते मला माहीत नाही, आणि आता कुणाला फोन करून मी ते उठवणार नाही. तुमच्या साहेबांना आणि त्या फीतवाल्यांनाही उत्तर द्यायला बोलावलंय. फॉर्म बदललाय. ‘होय / नाही’ काढून टाकलं. तिथे आता असं आहे: पाण्यात कितीजण उतरले, कुठे, किती वेळ, कितीदा पडले. शेवटचा रकाना टेलरचा आहे. बाईंना मी त्याचं वाक्य वाचून दाखवलं होतं.

तू विचारलंस, तिला खरं कोण सांगणार. उद्या सकाळच्या बसने मी येतो. स्टँडवर घ्यायला ये किंवा येऊ नकोस, पण टेलरच्या घराचा रस्ता मला दाखव. आत तू बोलायचं नाहीस. मीच सांगेन, पहिल्यापासून, आणि ती जे म्हणेल ते उभं राहून ऐकेन.

या पत्राखाली कार्बन घातलेला नाही.

मामा